कोटाची लांबी कोणी ठरवली?

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सांगलीतल्या एका टेलरिंगच्या दुकानात कटर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे सूट बेतले. स्वतःसाठी एकच कोट केला, १९६८ साली, स्वतःच्या लग्नासाठी. तो अजून आमच्या लोखंडी ट्रंकेत आहे. तपकिरी वूस्टेड, समोर तीन बटणे, अरुंद कॉलर, मागच्या बाजूला फट नाही. खालची दुमड जेमतेम अर्धा इंच. पाठीमागे मधोमध टेप लावली तर लांबी भरते साडेसत्तावीस इंच.

हा आकडा मला पुष्कळ वर्षे खटकत होता. कारण कोटाच्या लांबीचा नियम मला अण्णांनीच शिकवला होता. मानेच्या मणक्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची आणि जे माप येईल त्याचे निम्मे करायचे, म्हणजे कोट. त्याहून लांब झाला तर माणूस बुटका दिसतो, आखूड झाला तर बसायची जागा उघडी पडते. अण्णांची उंची पाच फूट आठ इंच. नियमाप्रमाणे त्यांचा कोट एकोणतीस इंचांचा व्हायला हवा होता. हा दीड इंच गेला कुठे?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीतून रात्रीचा जो वेळ उरला, त्यात जुनी पुस्तके, जुने फोटो आणि जुने कपडे पाहत गेलो. त्या दीड इंचापासून सुरुवात करून मी पुरुषांच्या सुटाच्या इतिहासात शिरलो. त्या वाटेवर जे सापडले ते या लेखात मांडतो आहे. दीड इंचाचे उत्तर शेवटी मिळाले. पण ज्या दिशेने मी ते शोधत होतो, तिथे नव्हे.

गुडघ्यापासून वर

सुटाची जन्मतारीख सांगायची झाली तर ऑक्टोबर १६६६ सांगतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपण आता नव्या पद्धतीचा पोशाख ठरवून घेत आहोत असे दरबारात जाहीर केले, आणि सॅम्युअल पेपिस याने ती बातमी आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. महिनाभरापूर्वीच लंडनची मोठी आग होऊन गेली होती. कोट आणि त्याच्या आत लांब बंडी, ही जोडी तेव्हापासून पुरुषांच्या अंगावर बसली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्यू ब्रमेल नावाच्या शौकिनाने जर, मखमल, रेशीम बाजूला सारून गडद रंगाचा, अंगाबरोबर बेतलेला लोकरी कोट प्रतिष्ठेचा केला. सजावट गेली आणि बेत उरला. माणूस किती मोठा आहे हे यापुढे कापडावरच्या कलाबुतीवरून नव्हे, तर कातर कशी चालली आहे यावरून कळणार होते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला सभ्य गृहस्थ गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक कोट घालीत असे. ज्याला आज आपण सूट म्हणतो तो आखूड ‘लाउंज सूट’ तेव्हा घरी, गावाकडे, सुट्टीत घालायचा कपडा होता. १८९२ मध्ये केअर हार्डी हा खाणकामगार पार्लमेंटवर निवडून आला आणि फ्रॉक कोट व उंच टोपी न घालता साधा ट्वीडचा सूट व कापडी टोपी घालून सभागृहात गेला, तेव्हा केवढा गहजब झाला! म्हणजे ज्या कपड्यात आज माणसे शपथविधीला जातात, तोच कपडा तेव्हा सभागृहाचा अपमान ठरला होता. कोट गुडघ्यावरून मांडीपर्यंत आला, त्याला काही दशके लागली. पण तो कोणाच्या अंगावरून वर आला, हे केअर हार्डीच्या प्रसंगातून दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये फ्रेडरिक शॉल्टे नावाच्या डच वंशाच्या टेलरने आणखी एक बदल केला. लष्करी अधिकाऱ्यांचे ओव्हरकोट कमरेत घट्ट आवळले की छातीवर आणि पाठीवर कापडाच्या उभ्या लाटा पडतात, हे त्याने पाहिले होते. तोच परिणाम त्याने साध्या कोटात आणला. छाती-खांद्यांपाशी मुद्दाम जास्तीचे कापड सोडायचे आणि कंबर आत घ्यायची. याला ‘ड्रेप’ म्हणू लागले. त्याचे सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे तेव्हाचा युवराज, पुढे राजत्याग केलेला ड्यूक ऑफ विंडसर. १९१९ पासून चाळीस वर्षे त्याचे कोट शॉल्टेकडे होत. जास्तीचे कापड अंगावर सैल खेळवणे ही तिसाव्या दशकात खानदानी पुरुषाची खूण होती. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

सरकारची कातर

दुसऱ्या महायुद्धात टेलरची कातर सरकारच्या हातात गेली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने. त्यातली कोटाला १३, पँटला ८, वेस्टकोटला ५, म्हणजे एका लोकरी सुटातच २६ कुपने खर्ची पडत. पुढच्या वर्षी कुपने तर कमी झालीच, शिवाय कपडा कसा बेतायचा तेही ठरवून देण्यात आले. दुहेरी छातीचा कोट बंद, खिसे आणि बटणे मोजून, आणि पँटच्या पायाशी उलटी दुमड, म्हणजे ‘टर्न-अप’, पूर्ण बंद.

गंमत अशी की इंग्रज पुरुषाने बॉम्बहल्ले सोसले, पण टर्न-अपवरची बंदी त्याला सोसवेना. लोक एक-दोन इंच लांब पँट विकत घेत आणि घरी येऊन बायकोकडून ती दुमडून घेत. व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांच्याकडे तक्रारी येतच राहिल्या. शेवटी युद्ध संपण्याआधीच, १९४४ मध्ये, पुरुषांच्या सुटांवरची ही बंधने उठवावी लागली. कुपने मात्र १९४९ पर्यंत चालू राहिली.

नियम मोडून पँट दुमडणाऱ्या त्या इंग्रज कारकुनाला कोणी देशद्रोही म्हटले नाही. त्याच्यावर विनोद झाले, व्यंगचित्रे निघाली. आता हेच अमेरिकेत काय झाले ते पाहा.

अमेरिकेतही मार्च १९४२ मध्ये युद्ध उत्पादन मंडळाने पुरुषांच्या सुटात लागणाऱ्या लोकरीवर मर्यादा घातली. तिथेही दुमडी गेल्या आणि जास्तीचे खिसे गेले. पण त्याआधीच न्यूयॉर्कच्या हार्लेमपासून लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांपर्यंत तरुणांमध्ये एक सूट लोकप्रिय झाला होता, ‘झूट सूट’. खांद्यात भरपूर पॅड, कोट मांडीच्या खाली थेट गुडघ्याकडे, पँट छातीपर्यंत चढवलेली, गुडघ्याशी फुगलेली आणि घोट्याशी आवळलेली. माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात आपल्या पहिल्या झूट सुटाची मापे दिली आहेत. गुडघ्याशी तीस इंच घेर आणि खाली मोहरी बारा इंच. हा सूट त्यांनी उधारीवर घेतला होता. ही मापे मी एका जुन्या कारागिराला ऐकवली, तर तो म्हणाला, “ही पँट नव्हे, तंबू आहे.” मला मात्र त्या मापांत शॉल्टेच्या ड्रेपचे दूरचे नाते दिसते. तेच जास्तीचे कापड, तीच आवळलेली कंबर, तोच रुंद खांदा, फक्त सगळे दुपटीने. युवराजाच्या अंगावर जे सैल कापड खानदानी होते, ते बूट पुसणाऱ्या काळ्या पोराच्या अंगावर ‘नासाडी’ ठरले.

ऑगस्ट १९४२ मध्ये लॉस एंजेलिसजवळ होसे दियास नावाच्या तरुणाचा मृत्यू झाला. ‘स्लीपी लगून’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या खटल्यात बावीस तरुणांवर आरोप ठेवले गेले, आणि जानेवारी १९४३ मध्ये सतरा जण दोषी ठरले. खटला चालू झाला तेव्हा या मुलांना केस कापू आणि स्वच्छ कपडे घालू दिले नव्हते. म्हणजे ज्यूरीपुढे ती ‘तशी’ दिसत राहिली. ऑक्टोबर १९४४ मध्ये वरच्या न्यायालयाने या सगळ्या शिक्षा रद्द केल्या. तोपर्यंत मुलांची दोनेक वर्षे गजाआड गेली होती.

या दोन निकालांच्या मधे जून १९४३ येतो. ३ जूनच्या रात्री सुमारे पन्नास खलाशी आपल्या तळावरून निघाले आणि शहरात झूट सूटवाले शोधू लागले. पुढचे काही दिवस हा प्रकार वाढतच गेला. सैनिक आणि नागरिकांच्या हजारोंच्या झुंडी सिनेमागृहांत शिरत, ट्रॅम थांबवत, मेक्सिकन तरुणांना, काळ्यांना, फिलिपिनोंना बाहेर ओढून मारत. मारण्याची रीत ठरलेली होती. आधी कपडे उतरवायचे, कोट फाडायचा, कधी जाळायचा. पोलीस मागून येत आणि उघड्या पडलेल्या मुलांनाच अटक करत. अशा अटका पाचशेच्या वर गेल्या. शेवटी लष्कराने सैनिकांना शहरात जायला बंदी केली तेव्हा दंगल ओसरली. कोणाचा जीव गेला नाही. त्याच आठवड्यात शहर परिषदेने मात्र झूट सूट घालणे हाच गुन्हा ठरवावा, असा ठराव केला. त्याचा कायदा झाला नाही. पण कोटाच्या लांबीवरून माणसाला तुरुंगात टाकावे असे एका मोठ्या शहराच्या लोकप्रतिनिधींना वाटले, ही नोंद राहिली.

लोकर वाचवण्यासाठी हे झाले, असे तेव्हा सांगितले गेले. मी या युक्तिवादाशी बरेच दिवस झगडलो, कारण युद्धात कापडाची टंचाई खरीच होती. पण ज्याला कापड वाचवायचे आहे तो कोट फाडत नाही आणि जाळत तर मुळीच नाही. राल्फ एलिसन यांनी त्याच वर्षी लिहिले होते की झूट सुटात काही खोल राजकीय अर्थ दडलेला असू शकतो आणि काळ्यांच्या पुढाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यायला हवे. ज्यांना काहीच जास्तीचे मिळत नव्हते, त्यांनी अंगावर जास्तीचे कापड मिरवले. चिडण्याचे कारण तिथे होते.

लंबकाची गोष्ट

फॅशनचा इतिहास सांगणारे बहुतेक जण लंबकाची उपमा देतात. लांब झाले की आखूड येते, अरुंद झाले की रुंद येते. मीही व्याख्यानांत हेच सांगत आलो होतो, आणि वरवर पाहता ते खरे दिसते.

युद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रोवरील टेलरांनी रेशनिंगला कंटाळलेल्या श्रीमंत तरुणांसाठी सातव्या एडवर्डच्या काळाची आठवण देणारे लांब कोट आणि अरुंद पँटी बेतल्या. थोड्याच वर्षांत दक्षिण लंडनच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी तो कोट उचलला. १९५३ मध्ये वर्तमानपत्राने ‘एडवर्डियन’चे ‘टेडी’ केले आणि ‘टेडी बॉय’ हा शब्द रूढ झाला. नृत्यगृहांच्या दारांवर या पोशाखाला मनाईच्या पाट्या लागल्या, आणि श्रीमंतांनी तो कोट गुपचूप कपाटात टाकला. मग इटलीतून आखूड, सरळ, अरुंद कॉलरचा कोट आला. रोमच्या ब्रिओनी या पेढीने १९५२ मध्ये फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन केले होते. त्या धाटणीचा कोट दशक संपता संपता लंडनच्या पोरांच्या अंगावर आला. इंग्रजांनी त्याला ‘बम-फ्रीझर’, म्हणजे बसायची जागा गारठवणारा, असे नाव ठेवले. १९६९ मध्ये टॉमी नटरने सॅव्हिल रोवर दुकान उघडून कॉलर पुन्हा रुंद केली. बीटल्सच्या ‘ॲबे रोड’च्या मुखपृष्ठावर चौघांपैकी तिघांच्या अंगावर त्याचेच सूट आहेत. ऐंशीच्या दशकात जॉर्जिओ अरमानी यांनी कोटाच्या आतले कॅनव्हास आणि पॅड काढून तो लांब आणि मऊ केला. २००० नंतर पॅरिसमध्ये एडी स्लिमान आणि न्यूयॉर्कमध्ये टॉम ब्राउन यांनी तो पुन्हा काडीसारखा आणि आखूड केला. आपल्याकडच्या लग्नांतले नवरदेव दहा-पंधरा वर्षे ज्या कोटात श्वास धरून उभे राहत होते, तो याच घराण्यातला. आता तो परत सैल होऊ लागला आहे.

पण लंबकाला हात नसतात आणि पाठीवर वळ उठत नाहीत. हा क्रम पुन्हा वाचला तर दिसते की लांबी बदलण्याच्या जागी बहुतेक वेळा माणसे बदललेली आहेत. वरच्यांचा कोट खालच्यांनी घातला की वरचे तो टाकतात, आणि टाकण्याआधी घालणाऱ्याला शिक्षा करून पाहतात. इंचाला स्वतःचा अर्थ नसतो. तो इंच कोणी घेतला, यावर पुढचे सारे ठरते.

आपल्याकडचे माप

हे वाचताना मला पुन्हा पुन्हा आपल्याकडचे आठवत राहिले. लॉस एंजेलिसमध्ये कोट फाडले जात होते त्याच जून १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने सुती कापड व सूत नियंत्रणाचा आदेश काढला. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षे राहिला. पण कोणी किती कापड नेसावे याचे कंट्रोल आपल्याकडे त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून होते, आणि त्याला कुठल्या आदेशाची गरज नव्हती.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की तुमची नेसण्याची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे. वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे लुगडे खाली घोट्यापर्यंत नेसा, आणि ओळख पटवणारे ते जड दागिने सोडा. अनेकींनी ते लगेच अमलात आणले. लुगडे तेच, वार तेवढेच; ते पायावर किती खाली आले एवढाच फरक. तरीही तो फरक करायला परिषद भरावी लागली.

बाबासाहेबांचा स्वतःचा सूटही मला या ओळीत दिसतो. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. परत आल्यावर त्यांनी सूट सोडला नाही. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला, तो त्याग होता, आणि त्याग करायला आधी हातात काही असावे लागते. ज्यांच्यावर आखूड वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते, त्यांच्या पुढाऱ्याने नियमाबरहुकूम बेतलेला, पूर्ण लांबीचा कोट घातला. गावोगावच्या पुतळ्यांत तो कोट लोकांनी हट्टाने राखला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

ट्रंकेतला कोट

आता त्या दीड इंचाकडे येतो. आमच्या गावातल्या वाचनालयात मी या विषयावर बोललो तेव्हा अण्णांचा कोट सोबत नेला होता. आखूड लांबी, अरुंद कॉलर, मागे फट नाही. रोमची धाटणी १९६८ साली सांगलीच्या एका कटरपर्यंत कशी पोचली, याचा तो पुरावा आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर आईने कोटाची घडी घालता घालता विचारले, “काय सांगितलंस लोकांना?” मी सांगितले. तिला हसू आवरेना.

“अरे, कसलं रोम! कापड पुरलं नाही त्यांना. ताग्याच्या शेवटचा कटपीस होता, मालकांनी स्वस्तात दिला. आदल्या रात्री जमिनीवर पसरून बसले होते. इकडून लावून बघितलं, तिकडून लावून बघितलं. शेवटी म्हणाले, लांबीतच घ्यावं लागणार.”

हे त्यांनी लग्नानंतर तिला कधीतरी सांगितले होते. मी कोट पुन्हा उलटा केला. खालची दुमड अर्धा इंच. दुसऱ्यांच्या कोटात दीड इंच कापड आत राखून ठेवणारा माणूस, कारण पुढे कोणाचे अंग बदलेल, कोणाचा मुलगा वापरेल. त्याने स्वतःच्या कोटात अर्धाच इंच ठेवला होता. ही दुमड मी वर्षानुवर्षे बघत होतो, वहीत तिची नोंदही केली होती. फक्त तिचा अर्थ मी इटलीत शोधत होतो.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. लग्नाच्या पंगतीत नात्यातलेच एक बडे गृहस्थ मोठ्याने म्हणाले होते, “कटरसाहेब, फॅशन जोरात आहे!” अण्णांनी नुसते हसून घेतले आणि पुढे तो कोट कधी घातला नाही. दोन वर्षांनी आखूड कोट मागणारी गिऱ्हाइके दुकानात येऊ लागली, तेव्हा ते त्यांना निमूटपणे विचारत, “किती आखूड करू?”

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाने लग्नासाठी सूट शिवायला टाकला. दुकानातल्या तरुण कटरने विचारले, “लांबी कशी ठेवू? आता जरा लांब चाललंय.” मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मणक्यापासून जमिनीपर्यंत घे आणि निम्मे कर. आणि खाली दीड इंच कापड आत राखून ठेव, लागेल तेवढे पैसे घे.